पालथे पाट

अण्णा,

गेल्या महिन्यात घरी आलं ते असं. जुन्या सागाच्या फळ्या दोन, चार फूट लांब, फूट-फूट रुंद, साडेअकरा रुपये. पायांसाठी आणि आडव्या पट्ट्यांसाठी सागाचेच तुकडे, पावणेचार. पितळी स्क्रू अडीच डझन, सरस, काचकागद आणि अळशीच्या तेलाची बाटली, मिळून अडीच रुपये. वखारीपासून कोपरीपर्यंत हातगाडी, बारा आणे. कळव्याचा सुतार अडीच दिवस, चहा आणि दुपारची भाकरी वेगळी, दहा रुपये. भिंतीवरच्या दोन फळ्यांचं लाकूड, काही नाही. ते घरातलंच होतं. नवे पैसे सुरू झाले तरी वखारवाला अजून आण्यांतच बोलतो, म्हणून मीही तसंच लिहिलं. तुम्हाला तरी नव्या पैशांतलं काय कळणार?

हे सगळं तुमच्या नातीच्या टेबलासाठी. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मला सातवा महिना लागला होता तेव्हा तुम्ही गेलात. आता ती पाचवीत आहे. दोन खोल्या, त्यात माझा धाकटा मुलगा सहा वर्षांचा, तो तिच्या वहीवरून चालत जातो. ती पोटावर पालथी पडून लिहिते आणि अक्षर एका बाजूला कलतं. बाईंनी शेरा लिहून पाठवला, "अक्षर बसून काढावे." मी तो शेरा दोनदा वाचला आणि त्याच दिवशी ह्यांना म्हटलं, दिवाळीला साड्या नकोत कोणाला, टेबल करू. वर दोन फळ्या, पुस्तकांना. हे म्हणाले, "बाजारात तयार मिळतं की." मी म्हटलं, तयार टेबलाला वरून पॉलिश असतं, आतून देवदाराची खोकी. लाकूड मी बघून घेणार.

वखारीत हे माझ्याबरोबर आले, पण लाकडातलं त्यांना खुर्चीपुरतंच कळतं, म्हणून ते दाराशी छत्री धरून उभे राहिले. मालकाने आधी मला आंब्याच्या फळ्या दाखवल्या, मग तांबडं तेल चोळलेलं काहीतरी आणून हा साग म्हणून पुढे केलं. मी म्हटलं, तोंड दाखवा. तो माझ्याच तोंडाकडे बघायला लागला. मग मी वाकून फळीचं कापलेलं टोक बघितलं आणि म्हटलं, हे परत ठेवा. शेवटी मागच्या अंगाला, कुठलंसं जुनं घर उतरवलं होतं त्याच्या फळ्या निघाल्या. खिळ्यांची भोकं पडलेली, वरून काळ्या. मी त्यातली एक दोन विटांवर ठेवायला लावली, खाली बसले आणि एका टोकाला कान लावला. ह्यांना म्हटलं, पलीकडून किल्लीने वाजवा. हे बिचारे लाजले, पण त्यांनी वाजवलं.

मालक म्हणाला, "काय बाई, ताप बघताय का फळीचा?"

"ताप नाही, खोकला आहे का बघतेय."

हमाल हसले. मग मालकही हसला आणि म्हणाला, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, वडील कल्याणला वखारीत कारकून होते. तेव्हा त्याने भाव रुपयाने उतरवला. तुमच्या नावाचा एवढा एक रुपया मला मिळाला, तो प्रामाणिकपणे इथे लिहिते.

कान लावायला तुम्हीच शिकवलंत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन खाडीकाठच्या वखारीत येते, तुम्ही आमटीभात संपवता, हात धुता आणि मला आत नेता. खडवलीकडून बैलगाड्यांनी आलेले ओंडके कापून फळ्या रचून ठेवलेल्या असतात. "कान लाव," तुम्ही म्हणता, आणि पलीकडच्या टोकाला वखारीच्या कुलपाची किल्ली वाजवता. आत भेग असेल तर आवाज मध्येच फुटतो, नसेल तर सबंध येतो. पुढे तुमचं ठरलेलं बोलणं. लाकडाचं तोंड बघावं, पोट बघू नये. वास घ्यावा, सागाला जुन्या चामड्यासारखा वास असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फळी पालथी घातल्याशिवाय घेऊ नये, लबाडी नेहमी खालच्या अंगाला असते. हे तुमचेच शब्द. मी एकही विसरलेले नाही, आणि तेच आता मला खातं.

मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे आताच्या नववीत, होते तेव्हा तुम्ही ती फळी बाजूला काढलीत. चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद, एका अंगाची, मध्ये सांधा नाही. मालकाला सांगून तुम्ही ती पगारातून फेडून घेतलीत. गेरूने तिच्या एका कोपऱ्यात माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलंत आणि ती वखारीच्या माळ्यावर चढवलीत. "दोन वर्षं मुरू दे. तू मॅट्रिक झालीस की हिचं टेबल. मग पुढचं शीक, मास्तरीण हो, काय हवं ते हो." मी सगळ्या वर्गात सांगितलं. प्रत्येक सुट्टीत मी शिडीवर चढून तिला बघून यायचे, हात लावून यायचे. आई म्हणायची, "पोरी गौरीला इतकं जपत नाहीत." अक्षर गेरूचं होतं, हाताला लागायचं. मी घरी येईपर्यंत बोट धूत नसे.

मॅट्रिकचा निकाल लागला. तुम्ही पेढे आणलेत, देवापुढे ठेवलेत, आणि संध्याकाळी मी विचारलं, फळी उतरवायची का? तुम्ही म्हणालात, "बघू." पंधरा दिवसांनी हे मला बघायला आले. आषाढ लागायच्या आत लग्न ठरलं. रेशनचे दिवस, पन्नास पानांची पंगत, साखरेसाठी सगळी आळी कार्डं घेऊन फिरत होती. त्या गडबडीत मी एकदाच, स्वयंपाकघरात, तुम्ही एकटे जेवायला बसला होतात तेव्हा विचारलं. मी ताक वाढत होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, "वरवधूला बसायला नवे पाट लागतात. तुझ्याच फळीचे दोन करून घेतलेत. तुझं तुलाच." मग तुम्ही जरा हसून म्हणालात, "आणि पाटावर बसूनही लिहिता येतं."

अण्णा, मी ते गिळलं. कसं गिळलं ते सांगते. माझी फळी होमासमोर बसायला गेली, टेबलापेक्षा हे पुण्याचं, असं मी मनाला सांगितलं. चार फुटांच्या फळीचे दोन-दोन फुटांचे दोन पाट, मापही बरोबर जुळत होतं. लाखेचं तांबडं पॉलिश, कोपऱ्यांना पितळी फुलं, देखणे होते. सासरी आले तेव्हा सोबत आणले. आल्यागेल्याला मीच सांगायचे, "आमच्या अण्णांनी माझ्या अभ्यासाच्या टेबलाची फळी होती ना, तिचे करून दिले." ऐकणारी बाई म्हणायची, काय माया. मुलीला तर मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती पाटाला "आईचं टेबल" म्हणते. ह्यांचं पान त्यावर, पाहुण्यांचं पान त्यावर, गणपती चौरंगावर येईपर्यंत त्यावर. मी स्वतः बारा वर्षांत एकदाही त्यावर बसले नाही. बायका मागून जेवतात, तेव्हा पाट उचलून ठेवलेले असतात.

पाट मात्र मी कधी पालथा घातला नाही. ते तुम्हाला ठाऊकच होतं. मी आठ वर्षांची असताना, फळी पालथी घालून बघायचा खेळ डोक्यात होता म्हणून, स्वयंपाकघरातला पाट उलटा करून वास घेत बसले होते. तुम्ही दारातून आलात आणि पाठीत एक धपाटा घातलात. तुमचा हात मला तेवढा एकदाच लागला. "पालथा पाट घरात अवदसा आणतो. पाटाला लाकूड म्हणायचं नाही, ते आसन आहे." तेव्हापासून मी पाट पुसते तोसुद्धा उभा धरून, तोंड भिंतीकडे करत नाही. धर्माचं एकदा सांगितलं की मी सोडत नाही. हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं?

तर भिंतीवरच्या फळ्यांना लाकूड उरलं नाही. आणखी साग घ्यायचा तर सात-आठ रुपये. दोन दिवस विचार केला आणि देवाची क्षमा मागून ठरवलं की ते दोन पाट फळ्यांना द्यायचे. माझी फळी अखेर पुस्तकांच्या कामी येईल, बारा वर्षांनी का होईना, तुमचा शब्द पुरा होईल. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. सुतार ओट्यावर काम करत होता. मी पाटांना हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि त्याच्या हाती दिले. त्याने घेतल्याबरोबर पाट पालथा टाकला, आडपट्ट्या काढल्या आणि रंधा मारला. मी मान फिरवली होती. तो म्हणाला, "वैनी, साग म्हनलेलात ना?"

"हो. कल्याणच्या वखारीतला, मुरलेला."

"ह्यो साग नाय. फनस हाय."

मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, "बगायचं काय त्यात? वरती लाल रंग मारलाय. तुमीच बगा." रंध्यातून निघालेली सालपटं ओट्यावर पडली होती, पिवळीधमक, लग्नातल्या हळदीसारखी. मी एक उचलून नाकाला लावलं. चामड्याचा वास नव्हता. मग दुसरा पाट मीच पालथा घातला, अण्णा, माझ्या हाताने, आणि विळीच्या टोकाने खरवडला. तोही फणस. सुतार माझ्याकडे बघून समजूत घालायला लागला, "वाईट नाय लाकूड. वालवी लागत नाय फनसाला. देवाचं लाकूड." त्याला वाटलं, पाट करणाऱ्या सुताराने फसवलं म्हणून मी अशी झाले. मी म्हटलं, कर तुझं काम.

मग साग गेला कुठे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तुम्ही शिकवलंत ना, पालथं घालून बघितल्याशिवाय बोलू नये. म्हणून भाऊबीजेपर्यंत थांबले.

तुमचा धाकटा, माझा भाऊ, आता डोंबिवलीला असतो. तुमच्या पश्चात कल्याणची जागा सोडली ती त्यानेच. तो चांगला आहे, हे आधी सांगते. माझं वाईट कधी चिंतलं नाही त्याने. त्याच्या बाहेरच्या खोलीत ते टेबल आहे, तुम्ही जायच्या आधी त्याला कॉलेजसाठी करून दिलेलं. "वखारीतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं केलंय," असं तुम्ही म्हणाला होतात, मी माहेरपणाला आले होते तेव्हा, माझ्यादेखत. त्यावर नेहमी क्रोशाचा रुमाल असतो, तो माझ्याच हातचा. मी दहा वर्षं त्या रुमालाच्या कडा वाखाणून घेतल्या आणि तो उचलून बघितला नाही. त्या टेबलावर अभ्यास करून तो इंटरला दोनदा नापास झाला आणि नोकरीला लागला. आता त्यावर दिवसा घरभरच्या गाद्या रचून ठेवतात.

ओवाळून झालं. तो पान खायला खाली गेला, भावजय आत पानं घेत होती. मी टेबलाखाली गेले. पदर खोचून, गुडघ्यांवर. खालच्या अंगाला पॉलिश नव्हतं. आधी वास आला. मग हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि डोळे सरावल्यावर दिसलं. गेरूचं अक्षर. अर्धं पायाच्या सांध्याखाली गेलेलं, अर्धं जसंच्या तसं. तुमचं वळण, वरची रेघ थोडी लांब ओढायची सवय. मी बोट लावलं. अजून लागतो तो गेरू.

"अगंबाई, वन्सं, काय हरवलं?" भावजय दारात.

"कुडीची फिरकी पडली गं."

सणाच्या दिवशी, ओवाळणीचं कुंकू हाताला असताना, मी खोटं बोलले. तीही माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसली. तेवढ्यात धाकटा आला, त्याने बॅटरी आणली, गाद्या उतरवल्या, आणि आम्ही तिघं न हरवलेली वस्तू शोधत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे ताई, माझ्याकडून घे नवी," आणि ताटातल्या पाचांवर आणखी एक रुपया ठेवला. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "हे धूडच काढायचंय घरातून. तुमच्याकडे टेबलाचं चाललंय ना? घेऊन जा की हे. अण्णांची आठवण म्हणून ठेवलंय, नाहीतर केव्हाच मोडीत दिलं असतं."

भावजय म्हणाली, "न्या वन्सं, खरंच. मला कपाट ठेवता येईल."

चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, मध्ये सांधा नाही. अशी फळी आता सबंध ठाण्यात मिळत नाही, मी विचारून आले होते. हातगाडी आणि गाडीचा लगेज धरून तीन रुपयांत घरी आली असती. मी काटकसरी बाई आहे, जुन्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर हिशेब लिहिते. मी म्हटलं, "नको रे. आमचं होत आलंय." त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्याने घेतली नव्हती, त्याला दिली गेली. तो बिचारा आजही म्हणतो की वखारीतले तुकडे होते म्हणून.

अण्णा, तुम्ही मला मागितली असतीत तर मी रडले असते आणि दिली असती. धाकटा कॉलेजला जाणार, तू सासरी जाणार, टेबल एकच होईल, असं म्हणाला असतात तर त्यात न समजण्यासारखं काय होतं? त्या काळी सगळ्या घरांतून तसंच झालं. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेल्या मुलींपैकी पुढे किती गेल्या, ते मला ठाऊक आहे. तेवढ्याबद्दल मी कडू झाले नसते. पण तुम्ही फणसाला लाल रंग लावलात, आणि तो अशा जागी ठेवलात की माझ्यासारखी बाई जन्मात उलटा करून बघणार नाही. लबाडी खालच्या अंगाला असते हे मला शिकवलंत, आणि खालच्या अंगाला बघायचं नाही हेही तुम्हीच शिकवलंत. दोन्ही धडे मी नीट घोकले. यंदाचा पितृपक्ष हे कळायच्या आधी होऊन गेला. तुमच्यासाठी घारगे मी डोंबिवलीला जाऊन तळून आले होते. पुढच्या वर्षी हात कसा चालेल, माहीत नाही. चालेल. सवयीने चालेल.

टेबल झालं. दोन फळ्यांचा सांधा आहे मध्ये, पण सुताराने तो असा बसवला की नखही अडकत नाही. जुन्या घराचं लाकूड, त्याला जे आकसायचं होतं ते आकसून झालेलं आहे. खिळ्यांच्या भोकांत त्याने भुसा आणि सरस भरला. पाट मी भिंतीवर पालथेच बसवून घेतले, लाल अंग खाली, पिवळं वर. हे म्हणाले, "अगं, पालथे? तूच तर मला पाट हलवू देत नाहीस." मी म्हटलं, ते आता पाट नाहीत, फळ्या आहेत. मग सुतार म्हणाला, नाव घालायचं असेल तर खाली घालतो. मी म्हटलं, खाली नाही. वर घाल, समोरच्या कडेला, पटाशीने खोदून, रंधा मारून जाणार नाही असं. मुलीचं सबंध नाव, नुसतं अक्षर नाही.

हे हसले. "देवळाची पायरी आहे का नाव घालायला? उद्या आपला धाकटा बसला तर?"

"बसू दे. वाचून बसेल."

त्यांना पाटांचं काही सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. ती परवा मैत्रिणीला दाखवत होती, "ह्या फळ्या म्हणजे आईचं टेबल होतं, आजोबांनी दिलेलं." मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर येऊन खरं सांगावं असं वाटलं, पण लाटणं खाली ठेवलं नाही. तुमचं खोटं आता माझ्या घरात माझ्या तोंडून चालतं, ते मोडायचं तर आजोबाच मोडतात, आणि तिला दुसरे आजोबा नाहीत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हिशेबाच्या वहीत मागच्या पानांत राहील. एक मात्र कबूल करते. दुपार आहे, पोरं शाळेत गेली आहेत, आणि मी हे तिच्या टेबलावर बसून लिहिते आहे. तिला न विचारता. ती यायच्या आत वही उचलेन, पुसून ठेवेन, आणि तिला सांगणार नाही. मघाशी लिहिता लिहिता थांबून मी लाकडाला कानही लावला आणि पलीकडे बोटाने वाजवलं. आवाज सबंध आला. तेव्हा तुम्हाला सांगावंसं वाटलं, ते मी पुसून टाकू शकत नाही.

तर एवढंच विचारते. टेबल कोणाला का मिळेना, ते झालं. तुम्ही माळ्याखाली उभं राहून गेरूने ते अक्षर काढलंत, त्या दिवशी तरी ती फळी माझी होती का? एका ओळीचं कार्ड पुरे. हो किंवा नाही, उलट टपाली कळवा.